आठवा साचा

त्या वर्षी एप्रिल उजाडला आणि हेडली ट्रजनला काही म्हणजे काही कळेनासं झालं.

तसा माणूस हुशार, बरं का. वय बासष्ट, पाठ ताठ, बोलणं कमी आणि तेही तोऱ्यात. आमच्या पोलगार्थच्या खाडीवर शर्यतीची होडी म्हटली की ट्रजनची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चौदा फुटी, दोन माणसांची होडी. एकाने सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायचं, दुसऱ्याने डोलकाठीच्या तारेला लटकून अख्खं अंग पाण्यावर बाहेर झोकायचं, होडी कलंडू नये म्हणून. नियम मोजके. लांबी एवढी, वजन याहून कमी नको, शीड याहून मोठं नको. बुडाचा आकार मात्र ज्याचा त्याने ठरवावा, आणि सगळी मारामारी त्या बुडापायी. मागचा भाग असा सपाट होत गेला पाहिजे की वाऱ्याचा झोत आला रे आला की होडी पाण्यातून उठून पाण्यावर धावू लागेल. फार सपाट केलात तर मंद वाऱ्यात ती फतकल मारून बसते. कमी केलात तर उठतच नाही. हे गणित हेडलीला सुटलं होतं. एकोणीस हिवाळे, चाळीसच्या वर होड्या, आणि एकही मठ्ठ निघाली नव्हती.

आणि आता एकदम तीन निघाल्या.

पहिली परत घेऊन आले दातांचे डॉक्टर प्रायर. मोटारीमागे गाड्यावर होडी बांधून थेट शेडच्या दारात.

"हेडली, ही तुम्ही मला होडी दिलीत की सासूबाईंचं कपाट?"

"काय झालं तिला?"

"काही होत नाही, तेच तर दुखणं आहे! वारा आला की बाकीचे भुर्रकन निघून जातात आणि आम्ही दोघं आपले बसलोय, बंदराची शोभा बघत."

"तुमचं वजन वाढलंय, डॉक्टर."

"अहो, वजन गेल्या वर्षीही हेच होतं. गेल्या वर्षी तुमचीच जुनी होडी होती माझ्याकडे. विकली मी ती, मूर्खासारखी, नवीच्या हौसेने!"

हेडलीला राग आला. रागच येणार की हो. ही होडी त्याने एकट्याने बांधली होती, एक खिळा दुसऱ्याच्या हातून गेला नव्हता. एरवी धाकटा भाऊ सिलस हाताखाली असायचा. पण सिलसने सप्टेंबरात काय करावं? अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलं! तेही खाडीपासून बारा मैल आत, कोंबड्या पाळणाऱ्या थर्झा नावाच्या विधवेशी. सामानाची पेटी उचलली, म्हणाला, "कंटाळा आला, हेडली," आणि गेला. अडतीस वर्षं एका छपराखाली काम केलेला भाऊ तीन शब्दांत निघून गेला, हे हेडलीला तेव्हाही कळलं नव्हतं. गुडघे दुखत असतील त्याचे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आणि हिवाळ्यात तीन होड्या एकट्याने बांधल्या, पूर्वीपेक्षाही काटेकोर.

डॉक्टर गेल्यावर त्याने ती होडी उलटी घातली. नकाशा आणला, पट्ट्या आणल्या, पत्र्याचे कापलेले आकार आणले, आणि बुडाचं माप पुढून मागे दर फुटाला घेतलं. केसाचासुद्धा फरक नाही. दुसऱ्या होडीचं घेतलं. तसंच. तिसरीचंही. तिन्ही अगदी नकाशाबरहुकूम. मग चूक कुठे आहे? शीड शिवणाऱ्याला त्याने फोन करून झापलं. लाकूड ओलं दिलंस म्हणून वखारवाल्याला झापलं. डोलकाठी बदलून पाहिली, दोर बदलले. होडी आपली तशीच, ढिम्म.

क्लबात मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे म्हाताऱ्याचे डोळे गेले. कुणी म्हणे एकट्याला झेपत नाही, पण मान्य कोण करतंय! शेवटी बारमागच्या बाईनेच तोडगा काढला. माणसं बदलून बघा म्हणाली. 'कर्ल्यू' ही हेडलीने बांधलेली अकरा वर्षांची जुनी होडी, आणि ती चालवणारं मास्तर-मास्तरीण जोडपं खाडीवरचं सर्वांत तरबेज. त्यांना डॉक्टरांच्या नव्या होडीत बसवा, आणि डॉक्टरांना त्यांच्या 'कर्ल्यू'त.

रविवारी वारा झकास होता. डॉक्टर प्रायर जन्मात पहिल्यांदा शर्यत जिंकले. तीन मिनिटांनी जिंकले! पुढचे पंधरा दिवस त्यांच्याकडे दात दाखवायला जायची सोय राहिली नाही, तोंड उघडलं की ते दुसऱ्या वळणावर काय केलं ते सांगू लागत. मास्तर-मास्तरीण सातवे आले. मास्तरीणबाई ओल्या अंगाने धक्क्यावर चढल्या आणि हेडलीला बघून म्हणाल्या, "तिला उठायचं असतं हो. पण मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं."

म्हणजे माणसांचा दोष नाही. होडीचाच. आणि होडी तर बरोबर! हेडली घरी जाऊन खुर्चीत बसून राहिला. पुढ्यातली मांस भरलेली पेस्टी गार झाली, तिला तोंड लावलं नाही.

हे सगळं एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण जानेवारीत एक पत्र आलं होतं. या जातीच्या होड्यांची जी मंडळी देशभर आहेत, त्यांची समिती लंडनला बसते. तिने ठरवलं होतं की हेडलीचा नकाशा छापायचा, आणि मागेल त्या क्लबाला, मागेल त्या सुताराला पाठवायचा. खाली कोपऱ्यात नाव: रचना, हेडली ट्रजन. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. आपल्यामागे काही राहणार असेल तर ते हे कोपऱ्यातलं नाव, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याला ते हवं होतं. फार हवं होतं. आणि आता त्याच नकाशावरून, केसाचाही फरक न करता बांधलेल्या तीन होड्या आमच्याच खाडीत सातव्या-आठव्या येत होत्या. नकाशा छापून देशभर गेला तर शंभर कपाटं तरंगतील आणि प्रत्येकावर आपलं नाव असेल, हे त्याला दिवसाढवळ्या दिसू लागलं.

मे महिन्यात समितीतर्फे मिस कीस्ट आल्या. होड्यांची मापं तपासणाऱ्या त्या. आधी शाळेत गणित शिकवायच्या, आणि अजून कुणाचंही बोलणं ऐकताना मान अशी तिरकी करायच्या की समोरच्याला आपलं उत्तर चुकलंय असं वाटावं. त्यांचं काम साधं होतं. नकाशा छापण्याआधी तो एखाद्या गाजलेल्या होडीशी ताडून पाहायचा. त्यांनी 'कर्ल्यू' मागितली.

"'कर्ल्यू' कशाला?" हेडली म्हणाला. "ती तर चांगली आहे. बिघडलेल्या तिकडे आहेत, त्यांना बघा."

"बिघडलेल्या तुम्ही किती वेळा मोजल्यात?"

"चार वेळा."

"आणि 'कर्ल्यू'?"

अहो, चांगल्या होडीला कोण मोजतं? एकोणीस वर्षांत एकाही जिंकणाऱ्या होडीला त्याने पट्टी लावली नव्हती. जिंकते म्हणजे बरोबरच आहे, त्यात मोजायचं काय? आमच्या खाडीवर दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

मिस कीस्टबाईंनी चष्मा चढवला आणि पुढून सुरुवात केली. पहिला आकडा जुळला, दुसरा जुळला, सातव्यापर्यंत सगळं जुळलं. आठव्यापाशी, म्हणजे जिथे बूड मागे सपाट व्हायला लागतं तिथे, त्या थांबल्या. परत मोजलं, मग पुढचेही आकडे घेतले, ते जुळले. मान तिरकी झाली.

"इथे पाव इंच जास्त आहे. दोन्ही बाजूंना."

"लाकूड फुगलं असेल. अकरा वर्षं पाण्यात आहे."

"दोन्ही बाजूंना सारखंच फुगलं? आणि फक्त इथेच?"

"मग तुमची पट्टी चुकतेय!"

खाडीत ट्रजनच्या नऊ जुन्या होड्या होत्या. दोन दिवसांत बाईंनी नऊच्या नऊ मोजल्या. नऊही आठव्यापाशी पाव इंच भरलेल्या. नव्या तीन तेवढ्या नकाशासारख्या. हेडली मागे मागे फिरत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. बरोबर होत्या त्या चुकीच्या, आणि चुकीच्या होत्या त्याच बरोबर. याला म्हणायचं तरी काय?

"सोपं आहे," मिस कीस्ट म्हणाल्या. "मी 'कर्ल्यू'वरूनच माप उतरवून नवा नकाशा काढते. तुम्ही खाली सही करा. समितीला आकार हवाय, तो कसा आला याच्याशी तिला कर्तव्य नाही. शनिवारपर्यंत कळवा."

सही करायला हेडलीचा हात शिवशिवला, खोटं कशाला बोला. पण ते पाव इंच आलं कुठून? एकोणीस वर्षं, दर वेळी, त्याच जागी? चूक अशी नेमाने होत नाही. आणि चूक नसेल, तर मग ते केलं कुणी?

केलं कुणी याचं उत्तर एकच होतं आणि तिकडे मन जाईना. होडी उलटी बांधतात. जमिनीवर खडूच्या रेषा मारायच्या, प्रत्येक रेषेवर लाकडी साचा उभा करायचा, आणि त्या साच्यांवरून पातळ फळ्या वाकवत न्यायच्या. उन्हाळ्यात शेड दुरुस्तीच्या कामाला लागायची, म्हणून साचे भिंतीवर टांगले जात आणि दर हिवाळ्यात नव्याने उभे राहत. ते उभे करणं खालचं काम, सिलसचं. हेडली तेव्हा वर माळ्यावर कागदांत असायचा. तो उतरायचा ते फळ्या चढल्यावर, आणि तोपर्यंत जमिनीवर वीतभर भुसा साचलेला. रेषा कुणाला दिसणार? गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्याने साचे स्वतःच्या हाताने उभे केले होते. अगदी रेषेवर.

गुरुवारी तो बसने सिलसकडे गेला.

अंगणात कोंबड्या, आणि सिलस कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसवत होता. थर्झाबाई दारात उभ्या. उंच, रुंद, हाताला पीठ.

"आलात का शेवटी!" त्या म्हणाल्या. "लग्नाला नाही आलात, नाताळला नाही आलात. आज काय अडलं?"

"थर्झा, राहू दे," सिलस म्हणाला. "बस, हेडली. गुडघे कसे आहेत?"

"माझे? माझे बरे आहेत. तुझे दुखत होते ना?"

"माझे कधी दुखले?"

इथेच हेडलीची गाडी रुळावरून घसरली. तो बरंच काही ठरवून आला होता, पण तोंडातून एवढंच निघालं, "सिलस, आठवा साचा."

सिलसने हातोडी खाली ठेवली.

"सरकवायचो मी तो," तो म्हणाला. "रेषेच्या मागे, दोन बोटं. तेवढ्याने बूड तिथे जरासं भरायचं. तुझ्या रेषेवर ठेवला की मागची फळी वाकताना कुरकुरायची. तिला तिथे वाकायचं नसायचं, हेडली. मी सरकवायचो, मग गप्प व्हायची."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो! पहिल्याच वर्षी. तू वरून उतरलास, बुडावरून हात फिरवलास आणि म्हणालास, बघ सिलस, कागदावर होती तश्शी उतरली. मग कसं सांगू? म्हटलं, पुढच्या वर्षी याच्या ध्यानात येईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही तू तेच म्हणालास. एकोणीस वर्षं तेच म्हणालास."

"म्हणून गेलास तू? रागावून?"

"नाही रे." सिलसने टोपी काढून डोकं खाजवलं. "हिने विचारलं मला, गेल्या उन्हाळ्यात. तुम्ही तिथे नक्की काय करता म्हणून. मला सांगताच येईना. आता बघ, दार बसवतो. कुणी विचारलं तर सांगता येतं, दार बसवतो."

थर्झाबाई आत निघून गेल्या. जाताना चहाची किटली जरा आपटलीच त्यांनी. हेडलीला रडू येत होतं की राग, त्याचं त्यालाच समजत नव्हतं. एवढी वर्षं आपण कोण होतो मग? कागदावर रेघा मारणारा एक तोऱ्यातला माणूस? की रेघा बरोबरच होत्या, पाव इंच सोडून? आणि पाव इंचच जर सगळं असेल तर उरलेल्या तेरा फूट पावणेबारा इंचांचं काय? त्याने हे विचारलंही, मोठ्याने.

"मला काय माहीत," सिलस म्हणाला. "मला कागद वाचता येत नाही. तुझे ते तेरा फूट नसते तर मी सरकवलं काय असतं?"

"शनिवारी ये. मिस कीस्टला नकाशा दुरुस्त करून हवाय. मी साचे उभे केलेत. तू आठवा लाव आणि मला दाखव. एकदाच."

सिलसने खुराड्याचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. "शनिवारी अंडी न्यायची असतात बाजारात," तो म्हणाला. आतून थर्झाबाई ओरडल्या, "अंडी मी नेईन!"

शनिवारी सिलस आला. शेडमध्ये त्याने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, कोट काढला आणि सरळ साच्यांपाशी गुडघ्यावर बसला. मिस कीस्ट एका डब्यावर बसल्या होत्या, मांडीवर समितीचा फॉर्म. सिलसने एक लांब, लवचीक पट्टी उचलली, तिचं एक टोक पुढच्या साच्यांवर टेकवलं आणि दुसरं न बघताच मागे केलं.

"धर."

हेडलीने धरलं. तो खाली वाकला तेव्हा पाठ कटकन वाजली. सिलसने एक डोळा मिटला, पट्टीवरून पुढून मागे पाहिलं आणि आठव्या साच्याला तळव्याने हलकेच धक्का दिला. साचा रेषा ओलांडून मागे गेला.

"ही तुझी रेषा," तो म्हणाला आणि साचा परत रेषेवर ओढला. "बघ, इथे पट्टी कशी रुसते. आता सरकवतो. गेला ना रुसवा? दिसतंय?"

हेडलीने पाहिलं. डोळे बारीक केले, मान वाकडी केली, पलीकडून येऊन पाहिलं. सिलसने साचा पुढे केला, मागे केला, पुन्हा पुढे केला. पट्टी दोन्ही वेळा सारखीच, छान गोल वळलेली. बाहेर धक्क्यावर कुणीतरी शीड चढवत होतं, त्याच्या कप्प्यांचा आवाज येत होता. हो म्हणायला किती सोपं होतं! एकोणीस वर्षं तर म्हणत आला होता.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही दिसत, सिलस. काहीच फरक दिसत नाही."

"आता नाही दिसत?"

"आताही नाही. आधीही कधी दिसलं नसणार."

सिलस गुडघ्यावरच मागे वळला आणि भावाकडे बघत राहिला, तोंड उघडं टाकून.

"मला वाटायचं तुला दिसतं," तो म्हणाला. "दिसतं, पण मला श्रेय द्यायला नको म्हणून बोलत नाहीस. देवा रे! एकोणीस वर्षं मी तुझ्यावर उगाच चिडत होतो."

"उगाच नाही," हेडली म्हणाला.

मिस कीस्टबाईंनी घसा खाकरला. शाळेतल्या बाईच त्या. रडारड सुरू व्हायच्या आत काम उरकणाऱ्या.

"रचना कुणाची? नाव काय घालू?"

"सिलस ट्रजन," हेडली म्हणाला.

"वेडा झालास का?" सिलस ओरडला. "लोक पत्रं लिहितील, शंका विचारतील, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"मी उत्तरं लिहीन. लिहा हो तुम्ही, मिस कीस्ट. सिलस ट्रजन."

त्यांनी लिहिलं. बोरूने काढल्यासारखं स्वच्छ अक्षर होतं. मग मान तिरकी करून विचारलं, "आणि तुमचं कुठे घालू?"

हेडलीने विचार केला. नकाशा त्याचाच होता की. निदान आठवा सोडून बाकीचे साचे तरी. पण आज या क्षणी एका गोष्टीची त्याला पक्की खात्री होती, बाकी सगळा गोंधळच होता.

"मी पट्टी धरली होती," तो म्हणाला. "तेवढं लिहा."

फॉर्मवर तसा रकाना नव्हता. मिस कीस्टबाईंनी ते समासात लिहिलं.